मुलुंडचं घर विकून सावंतवाडीला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. मुलुंड पूर्वेला तुमची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. येत्या काही महिन्यांत घर रिकामं करायचं आहे आणि नवं घर मिळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षं, बिल्डर भाडं देणार आहे. यजमान नुकतेच निवृत्त झाले. ते म्हणतात, या वयात भाड्याच्या घरांत बिऱ्हाड हलवत बसण्यापेक्षा आत्ताच फ्लॅट विकू आणि कायमचं सावंतवाडीला जाऊ. त्यांचं मूळ गाव तिथून जवळ आहे, पण गावच्या घरात चुलतभावांचे हिस्से आहेत. मुलगी पुण्यात असते. तुमचं वय ५६, आणि सगळं आयुष्य मुंबईत गेलेलं. तुम्ही विचारलंत, "लहान गावात राहणं खरंच जमतं का, की चार महिन्यांत कंटाळा येतो?"

मी दादरला वकिली करते. सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे करार आणि घरांची खरेदी-विक्री हे माझं रोजचं काम. मुंबईतलं घर विकून किंवा बंद ठेवून चिपळूण, वाई, कुडाळ, सावंतवाडीला गेलेली बरीच कुटुंबं माझी अशील आहेत. काही तिथे छान रुजली. काही परत आली. आणि काहींना परत यायचं होतं, पण येता आलं नाही. हे उत्तर सविस्तर लिहिते आहे ते या तिसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे.

तुमच्या घरात दोन निर्णय एकमेकांना बांधले गेले आहेत. गावाला राहायला जाणं हा एक आणि मुंबईचं घर विकणं हा दुसरा. पहिला फिरवता येतो. सामान पुन्हा टेम्पोत भरलं की झालं. दुसरा फिरवता येत नाही, कारण मुलुंडचा फ्लॅट विकून आलेल्या पैशात पाच वर्षांनी मुलुंडला तसाच फ्लॅट मिळत नाही. गावात घर घ्यायला, गाडी घ्यायला, मुलीला द्यायला त्यातले पैसे गेलेले असतात आणि इथले भाव पुढे निघून गेलेले असतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की गावाला जरूर जा, पण आत्ता विकू नका.

तुमच्यासारखी संधी फार थोड्या लोकांना मिळते. एरवी एखाद्याला वर्षभर गावात राहून बघायचं असेल तर मुंबईचं घर भाड्याने द्या, भाडेकरू शोधा, तो वेळेवर निघेल का याची काळजी करा, हे सगळं आलं. तुम्हाला घर तसंही सोडायचंच आहे. बिल्डर जे भाडं देणार ते मुलुंडच्या दराने ठरलेलं असणार. सावंतवाडीत चांगलं दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचं घर सहसा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतं. उरलेल्या पैशात तुमचा तिथला महिन्याचा बराचसा खर्च निघेल. हे भाडं म्हणजे उत्पन्न नव्हे, विस्थापनाची भरपाई आहे, त्यावर टीडीएस कापायचा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. तरी सावंतवाडीच्या घराचा करार आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा, कारण त्यातले किती पैसे खरोखर घरभाड्यावर खर्च झाले हे दाखवता आलेलं बरं.

आत्ता विकण्याचा आणखी एक तोटा आहे. पुनर्विकासात अडकलेलं घर घेणारा माणूस धोक्याचे पैसे कापूनच किंमत सांगतो. इमारत पाडलेली असते, नवी उभी राहिलेली नसते, वाढीव क्षेत्रफळ कागदावर असतं. ताबा मिळाल्यावर त्याच घराला जो भाव येतो तो आज येत नाही. शिवाय करांचं घड्याळ सुरू होतं. घर विकून झालेल्या नफ्यावर सवलत हवी असेल तर दोन वर्षांच्या आत दुसरं घर घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांच्या आत बांधावं लागतं. सवलत मिळते ती त्या घरात घातलेल्या रकमेपुरतीच. सावंतवाडीत घर स्वस्त, म्हणजे नफ्याचा मोठा भाग उरतो. त्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत गुंतवता येतात, बाकीच्यावर साडेबारा टक्के कर. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाई निर्देशांक धरून वीस टक्के हा दुसराही हिशेब करता येतो. हे सगळं तुमचे सीए बघतील. माझी काळजी वेगळी आहे. मुदत संपत आली म्हणून घाईने घेतलेली घरं मी पाहिली आहेत. विहिरीला एप्रिलमध्ये पाणी राहतं का, हे न बघता घेतलेली घरं, कारण खरेदी जानेवारीत झाली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. राहणं कसं असतं?

ते तुमच्या दोघांसाठी सारखं नसणार, हे आधी मान्य करा. यजमान परत जात आहेत. तुम्ही नव्याने जात आहात. त्यांना तिथे शाळेतला कुणी मित्र असेल, देवळातले लोक ओळखत असतील, ग्रामदैवताच्या जत्रेत त्यांचं घराणं कुठे उभं राहतं हे ठरलेलं असेल. तुम्ही तिथे इतकी वर्षं गणपतीत आणि मे महिन्यात गेलात, सून म्हणून, पाहुणी म्हणून. वर्षभर राहणाऱ्या बाईचा दिवस त्यापेक्षा निराळा असतो.

मुंबईत तुम्ही काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलुंडला राहणारी बाई एकटी निघते, लोकल पकडते, दादरला खरेदी करते, नाटकाला जाते आणि रात्री दहाला निर्धास्त घरी येते. कुणाला विचारावं लागत नाही. सावंतवाडीत अंतरं छोटी आहेत, पण संध्याकाळनंतर रिक्षा मिळणं कठीण होत जातं, एसटीची शेवटची गाडी लवकर असते, रेल्वे स्टेशनही शहरात नाही, काही किलोमीटर बाहेर आहे. मग प्रत्येक कामाला "अहो, जरा सोडता का" सुरू होतं. ज्या बायका तिथे मनापासून रमल्या त्यांच्यात मला एक गोष्ट समान दिसली: त्यांनी स्कूटर चालवायला घेतली. पन्नाशीनंतर शिकलेल्याही आहेत. तुम्हाला येत नसेल तर मुलुंड सोडायच्या आधी शिका, परवाना इथूनच काढून घ्या. मी हा सल्ला हॉस्पिटलच्या बरोबरीने महत्त्वाचा मानते. दिवसा फिरायला मात्र एसटी स्वस्त पडेल. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धं तिकीट आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. मुंबईत शेजारचा माणूस कोण हे माहीत नसलं तरी चालतं. तिथे पहिल्या आठवड्यात "खंयचे तुमी?" हे विचारलं जाईल, मग आडनाव, मग गाव, मग माहेर. त्यात आपुलकी खरी असते. तुम्ही आजारी पडलात तर दुपारच्या आत कुणीतरी पेज घेऊन येईल. पण त्याच आपुलकीत तुमच्याकडे कोण आलं, भाजी कुठून घेतलीत, मुलीचं लग्न का जमत नाही, हेही येतं. आणि आडनावाचा प्रश्न नेहमी निरागस नसतो. घर भाड्याने देताना जात आणि काय खाता हे विचारणारे घरमालक मुंबईत आहेत तसे तिथेही आहेत. तिथे पर्याय थोडे असल्याने ते जास्त जाणवतं. लपवून काही घेऊ नका. आज लपवलं की रोज लपवावं लागतं.

वेळेचंही तेच. दुपारी दुकानं बंद असतात. सुतार "उद्या येतो" म्हणाला की तो उद्या येईलच असं नाही. पहिले दोन महिने हे छान वाटतं, पुढचे चार महिने याचाच राग येतो, आणि त्यानंतर माणूस एक तर त्या चालीला लागतो किंवा परतीची तिकिटं बघतो. तुम्ही म्हणता तो चार महिन्यांचा कंटाळा खरा आहे. पण तो बहुतेकांना येतो, म्हणून त्यावरून निर्णय घेऊ नका. मी अशिलांना सांगते की एक अख्खा पावसाळा, एक गणपती आणि एक उन्हाळा काढा, मग बोलू.

पावसाळा मुद्दाम म्हणते आहे. मुंबईचा पाऊस तुम्ही काढला आहे, पण सावंतवाडीचा त्याहून बराच जास्त असतो, आणि तो थांबून थांबून पडत नाही. कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपला-पाकिटांना बुरशी येते, पुस्तकं ओलावतात. वीज जाते ती तासाभरासाठी नव्हे. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गात कित्येक गावांना दिवसचे दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टर आणि पाण्याची वरची टाकी असलेलंच घर बघा. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी खाली जातात, कारण जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, वाहून समुद्राला जातं. घर बघायला गेलात की शेजारच्या बाईंना विचारा, मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येतं. घरमालकाला विचारून उपयोग नाही.

गणपती यासाठी की त्या दहा दिवसांत तुमच्या घराची धर्मशाळा होईल. आत्तापर्यंत तुम्ही मुंबईहून जात होतात, आता मुंबईहून लोक तुमच्याकडे येतील. काहींना याचा फार आनंद होतो. तुम्हाला होईल का, हे तेव्हाच कळेल.

आता तब्येत. यजमानांना रक्तदाब, साखर, हृदयाचं काही आहे का हे तुम्ही लिहिलं नाही, आणि माझ्या उत्तरातला सगळ्यात मोठा "अवलंबून आहे" इथे आहे. सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी डॉक्टरही चांगले आहेत. पण गंभीर रुग्ण अजूनही बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला नेले जातात. सावंतवाडीहून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. हृदयविकारात पहिला तास मोलाचा असतो, आणि तो रस्त्यावर जाऊ शकतो. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्यांना डायलिसिस लागतं त्यांना मी कायमचं राहायला कोकणातल्या लहान गावात जा असं सांगत नाही. बाकीच्यांनी जायच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या आरोग्य विम्याची कॅशलेस हॉस्पिटलं त्या जिल्ह्यात आणि गोव्यात कुठली आहेत ते कंपनीकडून लेखी घ्यावं. आणि पहिल्याच महिन्यात, आजारी नसताना, तिथल्या एका फिजिशियनला सगळे रिपोर्ट दाखवून ओळख करून ठेवावी. रात्री दोनला फोन करायची वेळ आली तर डॉक्टरला तुमचं नाव माहीत हवं.

काजूच्या बागेत, रानात हिंडायची यजमानांना हौस असेल तर एक सांगून ठेवते. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांच्या काही भागांत २०१६ पासून माकडताप दिसतो. तो गोचिडीतून पसरतो. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. रानातून आल्यावर अंग तपासणं, गमबूट घालणं आणि ताप आल्यास डॉक्टरला "रानात गेलो होतो" हे आवर्जून सांगणं, एवढी खबरदारी स्थानिक लोक घेतातच.

घर गावच्या वाड्यात नको, शहरात भाड्याने घ्या. यजमानांना हे पटायला जड जाईल, कारण स्वतःचं घर असताना भाडं कशाला, असं त्यांना वाटणार. पण सामायिक घरात एक भाऊ कायमचा राहायला आला की बाकीच्यांच्या मनात हिश्श्याची शंका येते. तुम्ही कौलं शाकारलीत, संडास बांधलात, तर उद्या तो खर्च कोणाचा आणि ती खोली कोणाची हा वाद उभा राहतो. चांगल्या भावांचे संबंध यात बिघडलेले मी पाहिले आहेत. गावापासून थोड्या अंतरावर राहा, सणावारी जा, नातं गोड राहील.

भाड्याचं घर ॲपवर शोधून फारसं हाती लागत नाही. तिथे कितीतरी घरं कुलूप लावून पडलेली असतात, मालक मुंबईत असतात, आणि भाडेकरू घर बळकावेल या भीतीने ते देत नाहीत. तुम्ही मुंबईच्याच असल्याने मालकाला इथेच, डोंबिवलीत किंवा लालबागेत, समोरासमोर भेटू शकता. ओळखीतून शब्द टाका. घर मिळालं की तोंडी व्यवहार नको. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. "इथे असं कुणी करत नाही" हे तुम्हाला ऐकवलं जाईल. नोंदणीचा खर्च आम्ही करतो म्हणा, मालकालाच त्यात सुरक्षितता आहे हे समजावा.

सावंतवाडीच का, हेही दोघांनी बोलून घ्या. माझ्या मते तुमच्यासाठी ते ठीक आहे. मोती तलावाभोवती चालता येतं, बाजार हाताशी आहे, दादरहून तुतारी एक्सप्रेस थेट येते, कोकणकन्या एक्सप्रेस ठाण्याला मिळते. चिपळूण मुंबईला जवळ, पण २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, तेव्हा तिथे पूररेषा बघितल्याशिवाय तळमजला घेऊ नये. वाई कोरडी, पुण्याच्या जवळ, वसंत व्याख्यानमालेसारखं वाचणाऱ्या माणसांचं वातावरण. मुलगी पुण्यात आहे म्हणून वाईचा विचार निदान एकदा व्हायला हवा. यजमानांची ओढ गावाची आहे की नुसती मुंबईबाहेर पडायची, हे त्यातून कळेल.

त्या वर्षात एक गोष्ट मुद्दाम करा. यजमानांना आठवडाभर मुलीकडे पाठवा आणि तुम्ही तिथे एकट्या राहा. सिलिंडर संपला, वीज गेली, डॉक्टरकडे जायचं झालं, तर काय होतं ते बघा. मग तुम्ही जा आणि त्यांना एकटं राहू द्या. आज दोघं आहात म्हणून जे सोपं वाटतं ते पंधरा वर्षांनी कदाचित एकालाच पेलायचं आहे.

इतकं होऊन तिथेच राहायचं ठरलं, तर घर विकत घेताना सातबारा, आठ अ (खातेदाराचा उतारा), फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) आणि मोजणीचा नकाशा बघायचा, बिनशेतीचा आदेश बघायचा, सातबाऱ्यावर इतर हक्कांत कुळाचं नाव नाही ना ते बघायचं. शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. यजमानांचं नाव गावच्या सातबाऱ्यावर चढलेलं असेल तर ती अडचण नाही, वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या. समुद्राजवळ, म्हणजे भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत, काही घेत असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमनाची, परवानगी बघितल्याशिवाय इसारही देऊ नका. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ताई, माझं मत विचाराल तर सवलत नसती तरी मी हेच सुचवलं असतं. तुम्ही शहर सोडता आहात, तर तिथे पाय ठेवायला तुमच्या हक्काची जागा असू दे.

राहता राहिला मुलुंडचा करार, आणि त्याची घाई आहे. पुनर्विकासाच्या शासकीय मार्गदर्शक सूचना ४ जुलै २०१९ च्या आहेत. त्यांत काम दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत पूर्ण करण्याची आणि बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक हमी देण्याची तरतूद आहे. तुमच्या सोसायटीने ही हमी घेतली आहे का, हे सेक्रेटरींना लेखी विचारा. तुमचा वैयक्तिक करार, ज्यात नव्या घराचं क्षेत्रफळ, मजला, कॉर्पस (बिल्डरकडून सभासदाला मिळणारी ठोक रक्कम) आणि भाडं लिहिलेलं असतं, तो तुमच्या दोघांच्या नावे हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक किती महिन्यांचे मिळणार, दरवर्षी वाढ किती, काम लांबलं तर ताबा मिळेपर्यंत भाडं चालू राहणार का, ही तीन कलमं शोधा. तिसरं नसेल तर सही करू नका, सोसायटीच्या वकिलांकडून ते घालून घ्या. सावंतवाडीचा पत्ता आणि ईमेल सोसायटीला लेखी कळवा, म्हणजे सभेच्या नोटिसा चुकणार नाहीत, आणि महत्त्वाच्या सभेला दोघांपैकी एकाने तरी गाडी पकडून यायचं. मुलीला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते ठरावीक कामांपुरतंच द्या, त्यात विक्रीचा अधिकार नको. नोंदणी झालेल्या कराराची प्रत तुमच्या हातात येईपर्यंत घराची किल्ली बिल्डरला देऊ नका.